सूनबाईंचा वेग

दाराच्या फटीतून पत्र आत पडलं, त्याचा आवाज झाला तो फक्त ‘टप’ एवढाच. एरवी त्या घरात अशा आवाजाला कुणी विचारलंही नसतं. पण त्या दुपारी घरात शांतता होती, आणि ती आपोआप आलेली नव्हती, मोठ्या कष्टाने मिळवलेली होती. सूनबाई बाळाच्या पाठीवरचा हात काढून घेत होत्या. हे काम ज्यांनी केलंय त्यांनाच त्यातला धोका ठाऊक. आधी करंगळी उचलायची, मग श्वास रोखून उरलेली बोटं, आणि शेवटी तळवा, तोही अशा बेताने की पाठीला वाटावं तो अजून तिथेच आहे. सूनबाई तळव्यापर्यंत आल्या होत्या. तेवढ्यात टप. बाळाने एक डोळा उघडला, अधांतरी थांबलेला आईचा हात पाहिला, आणि आपली फसवणूक होत होती हे लक्षात येऊन भोकाड पसरलं.

सूनबाईंनी काही मनाला लावून घेतलं नाही. अशा प्रसंगी काय करायचं ते ठरलेलं होतं. त्यांनी बाळाला उचललं, किल्ली घेतली, जाता जाता ते पत्र न बघताच पिशवीत कोंबलं आणि खाली जाऊन गाडी काढली.

त्यांना बिल्डिंगमध्ये सगळेच सूनबाई म्हणत, कारण सासूबाई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांना तशी हाक मारत आणि ती हाक चारी जिन्यांना ऐकू जाई. तर या सूनबाईंच्या बाळाची एक खोड होती. ते पाळण्यात झोपत नसे, मांडीवर झोपत नसे, खांद्यावर तर झोपेचं नावच नको. ते झोपे गाडीत. पण तिथेही गाडी रांगायला लागली की लगेच कुरकुर. पाण्याच्या टाकीमागून शीतगृहांच्या भिंतीला लागून जाणारा एक लांब, एवढं एक वळण सोडलं तर सरळ, दुपारी ओस पडलेला रस्ता होता. तिथे गेलं की सूनबाई मागच्या सीटकडे कान लावून गाडी चालवत. बाळाने कुरकुर केली की पाय थोडा दाबायचा. अजून कुरकुर, अजून थोडा. मग एका क्षणी मागून एक लांब उसासा येई आणि सगळं शांत होई. तिथे पाय धरून ठेवायचा. वेगाच्या काट्याकडे त्या कधी बघत नसत. त्यांचा काटा मागच्या सीटवर होता.

त्या शांततेतली वीस-पंचवीस मिनिटं म्हणजे सूनबाईंचा दिवसातला एकुलता एक खासगी वेळ. त्यात त्यांना कुणी हाक मारत नसे, कुणी मोजा शोधायला सांगत नसे, कुणी ‘आज भाजी काय’ म्हणून विचारत नसे. त्या नुसत्या समोर बघत आणि हसत. कशाला हसत होतात असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

पत्र उघडलं ते संध्याकाळी, सगळे घरात असताना. पत्र वाहतूक खात्याचं होतं. पन्नासची मर्यादा असलेल्या रस्त्यावर आपलं वाहन सदुसष्टच्या वेगाने जाताना कॅमेऱ्यात टिपलं गेलं आहे, सबब दंड का करू नये. वगैरे.

पहिल्यांदा हसले ते सासरे. मग सासूबाई. मग नवरा, पण त्याने आधी बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि मग बेतानेच हसला. या हसण्यामागे मोठा पुरावा होता. सूनबाई गाडी चालवायला लागल्यापासून त्या घराने वेग म्हणून काही पाहिलाच नव्हता. माणसं गाडीत असली की त्या पंचविसाच्या वर जात नसत. सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं असलं की सासूबाई आदल्या दिवशीच तयारीला लागत. नवरा बायकोला लाडाने गोगलगाय म्हणे, आणि ती जवळपास नसताना लाड वगळूनही म्हणे.

“सदुसष्ट म्हणजे आठवड्याचे मिळून असतील,” सासूबाई म्हणाल्या.

सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू उचलून पाहिल्यामुळे त्यांचा माणसांवर थोडाफार विश्वास उरला होता, यंत्रांवर अजिबात नाही. घरातलं घड्याळ, थर्मामीटर, गॅसचं मीटर यांपैकी कशाशीही त्यांचं पटत नसे. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि निकाल दिला की यंत्र आहे म्हणजे चूक आहे, प्रश्न फक्त किती आहे एवढाच असतो.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. पत्रासोबत छापलेला फोटो त्याने दुकानातून आणलेल्या भिंगाखाली धरला आणि बराच वेळ बघत राहिला. गाडी आपली, नंबर आपला, चालवणारी बाईही दिसायला हिच्यासारखीच. पण ती बाई हसत होती. तोंडभर, निवांत, कुणाचंही काही देणं लागत नसल्यासारखी.

“ही तू नाहीस,” तो म्हणाला. “तू अशी हसतेस कधी?”

नवऱ्याचं मत पडलं की दंड भरून मोकळं व्हावं, उगाच कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला वेळ कुणाला आहे. पण सूनबाई ते ऐकेनात, आणि त्याला कारण होतं खुंटीवर टांगलेलं नारिंगी जाकीट.

त्यांची मोठी मुलगी साडेपाच वर्षांची. घरात बाळ आल्यापासून तिला सगळे मोठी म्हणत आणि तीही त्या नावाला जागायचा प्रयत्न करी. तिच्या शाळेसमोर वाहनांची गर्दी होई, म्हणून शाळेने आयांमधून काही जणींना नारिंगी जाकिटं आणि ‘थांबा’ लिहिलेले गोल फलक दिले होते. सूनबाई त्यातल्या सगळ्यांत कडक. बाळाला पोटाशी बांधून, हातात फलक धरून त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या की भलेभले ब्रेक दाबत. मोठीला या गोष्टीचा केवढा अभिमान. वर्गात कुणी आपल्या काकांच्या मोटरसायकलबद्दल बोलायला लागलं की ती शांतपणे सांगे, माझी आई ट्रक थांबवते.

आता गंमत अशी की मागच्या वर्षी पालकांच्या सभेत एका वडिलांनी शाळेपुढे जोरात गाडी हाकली, तेव्हा सूनबाईंनीच उभं राहून एक ठराव मांडला होता. ज्याच्या नावावर वेगाचा दंड कायम होईल त्याने फलक आणि जाकीट शाळेत जमा करावं. ठराव एकमताने मंजूर झाला होता. टाळ्याही वाजल्या होत्या. सूनबाईंना तेव्हा फार बरं वाटलं होतं.

म्हणजे दंड भरला की जाकीट गेलं. आणि जाकीट गेलं की मोठीची आई कुणीही आई झाली.

“मी नाही भरणार,” सूनबाई म्हणाल्या. “मी इतक्या जोरात चालवतच नाही. कुणालाही विचारा.”

हे ‘कुणालाही विचारा’ म्हणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ही बातमी चारी जिने उतरून खाली पोचली होती. पहिल्यांदा आल्या तळमजल्यावरच्या टायपिंगच्या काकू. त्यांचा टायपिंगचा क्लास बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण टाइपरायटरला त्या अजून नियमाने तेल घालत आणि त्याला काही काम मिळावं म्हणून त्यांचा जीव तुटे. त्यांनी सांगितलं, सरकारी माणसाला तोंडी काही पटत नाही, त्याला कागद लागतो. आपण पुरावे जमवू. सूनबाई किती हळू गाडी चालवतात याचे लेखी दाखले. मी टाइप करते. तीन-तीन प्रती.

सूनबाईंना ही कल्पना आधी बरी वाटली. माणसं आपल्यासाठी धावून येतात हे बघून त्यांनी चहाचं मोठं पातेलं काढलं. पण मग दाखले यायला लागले.

शेजारच्या आजोबांनी लिहून दिलं की आपण रोज सकाळी फिरायला जातो, वय शहात्तर, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि कोपऱ्यापर्यंत सूनबाईंच्या गाडीच्या आधी पोचतो. पेपर टाकणाऱ्याने सांगितलं की त्यांची गाडी पुढे असली की तो सायकलवरून उतरतो, कारण इतक्या हळू सायकल चालवली तर तोल जातो. सासूबाईंना अक्षरांचा कंटाळा, म्हणून त्यांनी तोंडी सांगितलं आणि काकूंनी टाइप केलं. त्यात एक प्रसंग होता. बाजारातून येताना सासूबाईंना भाजीची आठवण झाली, त्या चालत्या गाडीतून उतरल्या, भाजी घेतली, घासाघीस केली, सुट्टे घेतले आणि पुन्हा त्याच गाडीत येऊन बसल्या.

“अहो आई, मी थांबले होते,” सूनबाई म्हणाल्या.

“थांबली होतीस? मला तर फरक कळला नाही,” सासूबाई म्हणाल्या, आणि काकूंना म्हणाल्या, “लिहा तुम्ही.”

सगळ्यांत जबरदस्त दाखला ड्रायव्हिंग शाळेच्या मास्तरांचा. हे मास्तर फार सज्जन माणूस. त्यांनी सूनबाईंना शिकवलं होतं आणि त्या काळात त्यांचे केस पांढरे झाले होते, पण त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता त्यांना बोलायची संधी मिळाली. त्यांनी शाळेच्या शिक्क्यासह लिहून दिलं की सदर विद्यार्थिनीने संपूर्ण शिकवणीत तिसरा गिअर टाकण्यास नकार दिला. कारण विचारता ‘दुसऱ्यात चाललंय ना नीट’ असं उत्तर दिलं. परीक्षेच्या दिवशी परीक्षकास डुलकी लागली, व जाग आल्यावर त्याने विद्यार्थिनीस उत्तीर्ण केलं. आपल्या अनुभवानुसार सदर विद्यार्थिनीकडून सदुसष्टचा वेग होणं मानवी शक्तीबाहेरचं आहे.

आलेल्या प्रत्येकाला सूनबाई स्वतःच्या हाताने चहा करून देत होत्या. आपली लाज काढायला आलेल्या माणसांना कपबशा भरून चहा द्यायचा, वर बिस्किट पुढे करायचं आणि ‘बरं झालं आलात’ म्हणायचं, हे त्या सोसत होत्या ते मोठीच्या तोंडाकडे बघून. मोठी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती आणि आईच्या बाजूने इतकी माणसं आहेत हे बघून खूश होती.

कचेरीतला भाग वेगळाच. हरकत घेण्याची खिडकी पहिल्या मजल्यावर. तिथल्या बाईंनी सांगितलं की हरकत घ्यायची तर आधी मूळ फोटो बघण्याचा अर्ज करा, तो तळमजल्यावर. तळमजल्यावर समजलं की फोटोच्या अर्जाला अर्जदाराचा फोटो लागतो. सूनबाई म्हणाल्या की माझा फोटो तुमच्याकडेच आहे, तोच तर मी मागतेय. खिडकीतल्या माणसाने यावर खरोखर विचार केला, मागे जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला की तो चालणार नाही, त्यात तुम्ही हसताय. हरकतीचं कारण छापील कारणांतून निवडायचं होतं. गाडी चोरीला गेली होती, गाडीत अत्यवस्थ रुग्ण होता, गाडी आपली नाही. यांतलं काहीच सूनबाईंना बसेना. बाळ पोटाशी रडत होतं, त्यामुळे मागची रांग अत्यवस्थ रुग्णाला अनुकूल होती. शेवटी त्यांनी ‘इतर’पुढे लिहिलं, मला जोरात चालवता येत नाही. लिहिताना पेनाने कागद थोडा फाटला.

सुनावणीची तारीख मिळाली. आणि ती यायच्या आधी, पुन्हा एका दुपारी, दाराच्या फटीतून दुसरं पत्र पडलं.

तोच रस्ता, तोच कॅमेरा, तोच वेग. सदुसष्ट. पहिलं पत्र पिशवीत कोंबून त्या ज्या दुपारी निघाल्या होत्या, त्याच दुपारचा फोटो. फोटोत तीच बाई, तितकीच हसरी.

घरात आनंदीआनंद झाला. सासरे तर खुर्चीतून उठलेच. दोन वेगवेगळ्या दिवशी तंतोतंत एकच आकडा येणं म्हणजे काटा अडकला आहे, हे त्यांनी चाळीस वर्षांच्या अनुभवावर सांगितलं. माणूस कधी दोनदा सारखा वागतो का? यंत्रच वागतं. टायपिंगच्या काकूंनी हा मुद्दा वेगळ्या कागदावर टाइप करून त्याच्याखाली दोनदा रेघ मारली. नवऱ्यालाही आता लढ्यात गोडी वाटायला लागली होती.

सूनबाई एकट्याच दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघत होत्या. माणूस दोनदा सारखा वागत नाही हे खरं. पण आपल्या घरात असा एक माणूस आहे जो वागतो.

दुसऱ्या दिवशी त्या बाळाला घेऊन निघाल्या त्या वेगळ्या दिशेला, शहराबाहेरच्या हमरस्त्यावर, जिथे नव्वदपर्यंत परवानगी होती. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बाळ मागे असताना काट्याकडे बघितलं. चाळिसाला बाळ रडत होतं. पन्नासला रडत होतं, जरा जोरातच. साठीला रडणं थांबलं आणि कुरकुर राहिली. पासष्टला बाळ गप्प झालं, पण आईला कळलं की ते जागं आहे, विचार करतंय. मग काटा आणखी थोडा सरकला, आणि मागून तो लांब उसासा आला. अडुसष्ट. सूनबाईंनी पाय किंचित काढून बघितला. लगेच कुरकुर. पुन्हा दाबला. उसासा. अडुसष्ट. वळणावर मात्र बाळाला सत्तर लागले. सासऱ्यांच्या खात्यातलं कुठलंही माप इतकं अचूक नसेल.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. खरं सांगायचं तर त्यांना आधी वाईट वाटायला हवं होतं. पण आधी वाटलं ते वेगळंच. अडुसष्ट, म्हणजे मी? वाईट वाटलं ते त्यानंतर, आणि मग मात्र भरपूर वाटलं. घरी दाखल्यांची जाड फाइल तयार होती. निम्मी बिल्डिंग साक्षीला होती. आणि मोठीने नारिंगी जाकिटाला रात्री आपल्या उशाशी ठेवायला सुरुवात केली होती, कुणी न्यायला येऊ नये म्हणून.

सूनबाईंनी ठरवलं, गप्प बसायचं. त्या रस्त्यावर दुपारी काळं कुत्रं नसतं. आता कळलंय, पुन्हा तसं करायचं नाही, हमरस्त्यावर जायचं. एवढ्यासाठी पोरीचा हिरमोड कशाला.

सुनावणीला शाळेला सुट्टी होती म्हणून मोठी आली, गुडघे दुखत असूनही सासूबाई आल्या, यंत्राचा निकाल ऐकायचा म्हणून सासरे आले, दुकान बंद ठेवून नवरा आला. काकू फाइल सांभाळायला. बाळ होतंच. खोली छोटी, त्यात तीन टेबलं. मधल्या टेबलावरचे साहेब वयस्कर, दमलेले, चांगल्या स्वभावाचे. त्यांनी एवढी माणसं बघून आधी वरातच आली की काय असं बघितलं आणि मग दोन खुर्च्या मागवल्या.

सासऱ्यांनी काट्याचा मुद्दा मांडला. साहेबांनी जांभई दाबली. मग काकूंनी फाइल पुढे सरकवली. साहेबांनी पहिला दाखला वाचला, शेजारच्या आजोबांचा. त्यांच्या मिशा हलल्या. पेपरवाल्याच्या दाखल्याला त्यांनी चष्मा काढून पुसला. सासूबाईंच्या भाजीच्या प्रसंगाला ते मोठ्याने हसले आणि डाव्या टेबलावरच्या माणसाला म्हणाले, हे ऐका. मग उजव्या टेबलावरचा आला. मग दारातला शिपाई. साहेब मोठ्याने वाचत होते. सुट्टे घेतल्याच्या वाक्यावर शिपायाने भिंतीचा आधार घेतला. मास्तरांच्या दाखल्यापर्यंत आल्यावर साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ‘परीक्षकास डुलकी’ हे शब्द त्यांच्याने नीट उच्चारवेनात, म्हणून डाव्या टेबलावरच्याने कागद घेऊन पुढचं वाचलं. आता घरचेही हसत होते. सासूबाई पदर तोंडाला लावून, सासरे खोकल्यासारखं करून. आणि नवरा, ज्याने जन्मभर साथ देण्याचं कबूल केलं होतं, तो खिडकीबाहेर बघत खांदे हलवत होता. बाळालाही काहीतरी मजेचं चाललंय हे कळून ते खिदळलं.

सूनबाई मात्र आपल्या चपलांकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मोठीने त्यांचं बोट घट्ट धरलं होतं.

साहेबांनी डोळे टिपले आणि शिक्का हातात घेतला.

“ताई, जा तुम्ही निर्धास्त,” ते म्हणाले. “दोन्ही नोटिसा रद्द करतो. तुम्ही आणि सदुसष्ट! तुमच्यावर नोटीस काढायचीच झाली तर रस्ता अडवल्याची काढायला हवी.”

पुन्हा हसण्याची लाट आली. शिक्का शाईच्या पॅडवर टेकला, वर उचलला गेला.

“साहेब, कॅमेरा बरोबर आहे,” सूनबाई म्हणाल्या.

शिक्का तसाच वर राहिला.

“मीच होते. आणि सदुसष्ट नव्हे, अडुसष्ट. शीतगृहाच्या वळणावर सत्तर. चौथ्या गिअरमध्ये.”

उजव्या टेबलावरचा आपल्या खुर्चीकडे परत गेला. काकूंनी फाइल हळूच मिटून छातीशी धरली. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर दुःख आणि समाधान यांची ओढाताण चालली होती. सून गुन्हेगार निघाली हे वाईटच झालं, पण यंत्रात एकाची चूक निघाली होती. नवरा बायकोकडे वळला. लग्नाच्या दिवशी त्याने तिच्याकडे असं बघितलं होतं, त्यानंतर आजच.

“वळणावर?” तो पुटपुटला. “सत्तर?”

मग सूनबाईंनी बाळाच्या झोपेचं सगळं सांगितलं. साहेब गंभीर होऊन ऐकत होते. दोन्ही नोटिसा त्यांनी कायम केल्या, ते त्यांना भागच होतं. पण उठून उभं राहत ते म्हणाले की या टेबलावर केस पांढरे झाले, माणसं वेग कमी करून सांगतात, सुटत असताना वाढवून सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. असा खरेपणा आता राहिला नाही. शिपायाने सूनबाईंसाठी दार उघडून धरलं.

परतताना गाडी नवऱ्याने चालवली. सासूबाईंनी बाळाला आपल्या मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या की उद्यापासून दुपारी बाळाला मी घेते, दोन तास, रडलं तर रडलं, तू तुझी कुठे जायचं तिथे जा. आणि जरा थांबून, पण सावकाश जा.

जाकीट आणि फलक सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जमा केला. ठराव त्यांचाच होता, बोलायला जागाच नव्हती. मोठी सोबत होती. रडली नाही, पण जाकिटाची घडी तिने स्वतः घातली, आणि ती मनासारखी बसेना म्हणून पुन्हा उलगडून घातली. मुख्याध्यापिकांनी जाकीट घेतलं, सगळी हकीकत ऐकली आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सूनबाईंना जाऊच दिलं नाही. थेट प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलांपुढे उभं केलं आणि सांगितलं, बघा, या आईला शिक्षा माफ होत होती. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. पण त्या खरं बोलल्या. कशासाठी? फक्त ते खरं होतं म्हणून.

सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. मोठीच्या वर्गाने सगळ्यांत जोरात. तिच्या बाजूचा मुलगा तिला काहीतरी विचारत होता आणि ती मान ताठ करून उत्तर देत होती. सूनबाई व्यासपीठावर उभ्या राहून, मागच्या सभेतल्यापेक्षा कितीतरी जास्त टाळ्या घेत, पायाखालची फरशी बघत होत्या. या फरशीच्या जोडांत चुना भरायला झालाय, असा एक विचार त्यांनी मुद्दाम मनात आणला.

शाळा सुटल्यावर त्या मोठीला न्यायला आल्या तेव्हा रस्त्याच्या मधोमध दुसऱ्याच कुणाची आई उभी होती. जाकीट तिला जरा सैल होत होतं. बाळ घरी आजीकडे, त्यामुळे सूनबाईंचे दोन्ही हात मोकळे. एकात मोठीचं दप्तर, दुसऱ्यात मोठी. फलक वर गेला, एक ट्रक थांबला. मोठीने ट्रककडे बघितलं, त्या आईकडे बघितलं, आणि आईचं बोट धरून रस्ता ओलांडला. पलीकडच्या फुटपाथवर चढल्यावर ती थांबली. कपाळाला आठ्या होत्या. अवघड बेरीज करताना पडतात तशा.

“आई,” ती म्हणाली, “तू काल ते सांगितलंस ना. ते खरं होतं म्हणून सांगितलंस, की ते सगळे हसत होते म्हणून?”